हनुवटीकाकांनी सरळ केलेल्या माना

हनुवटीकाकांच्या फोटोच्या दुकानाला एक कागद चिकटवलेला आहे आणि तो काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ‘दोन वर्षांखालील मुलांचे फोटो काढले जाणार नाहीत.’ मोठ्या, सरळ अक्षरात. ज्या माणसाने चाळीस वर्षं रडकी, झोपाळू, नुकतीच दूध ओकलेली बाळं कॅमेऱ्यासमोर धरली, त्याने असा कागद लावायचा म्हणजे काय! आणि मला माहीत आहे, तो माझ्यामुळे लागलाय. निदान अर्धा तरी.

खरं तर आज मी हवेत तरंगायला हवं. तरंगतेच आहे! माझ्या लेकीने आज जे केलं ते आठवून मघाशी स्वयंपाकघरात मी एकटीच टाळ्या वाजवल्या, तर सासूबाई आतून म्हणाल्या, "डास झालेत का गं?" पण टाळ्या संपल्या की पुन्हा तो कागद, आणि काकांनी माझ्या हातात ठेवलेलं पाकीट. पाकिटात एका अनोळखी बाळाचे दोन फोटो आहेत आणि पाकिटावर त्याच्या आईचा फोन नंबर. "या बाळाचं काय ते कळल्याशिवाय मी दुसऱ्या बाळाला हात लावणार नाही," काका म्हणाले. फोन करायची मात्र त्यांची छाती होत नाही. मी ‘बघते’ म्हणून घरी आले. ‘बघते’ म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

पहिल्यापासून सांगते.

काकांचं दुकान बँकेच्या जिन्याखाली, किल्लीवाल्याला लागून आहे. एकामागे एक अशा दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत काउंटर, फोटो कापायचं यंत्र आणि भिंतीवर आरसा. आरशाला दोरीने कंगवा बांधलेला, कारण याआधीचे सोळा कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून घरोघरी गेले. शेजारी खिळ्याला एक काळा कोट आणि तीन टाय. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेली निम्मी गल्ली त्या एकाच कोटात साहेब झालेली आहे. आतल्या खोलीत पांढरा पडदा, छत्रीचे दोन दिवे आणि गोल फिरवून उंच करायचं स्टूल.

त्या स्टुलावर माणूस बसला की काका सुरू होतात. "हनुवटी खाली. अजून. अहो, एवढी नको, विहिरीत डोकावताय का? हं. आता डावा खांदा सोडा. सोडा म्हणजे पाडू नका." दिवसातून शंभर वेळा ‘हनुवटी’ म्हणतात म्हणून हनुवटीकाका. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कुणी वाचल्याचं मी ऐकलेलं नाही.

"लोकांना वाटतं मी चेहरे काढतो," असं ते सांगतात. "चेहरा आईबापांनी काढलेला असतो. माझ्याकडे फक्त मान सरळ करायचं काम." आणि ते खरंच माना ओळखतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला बघून म्हणाले, "पर्स उजव्या खांद्याला आणि बाळ डाव्या कडेवर. बरोबर?" मी थक्क. किल्लीवाला बाहेरून ओरडला, "काका, आमचीपण मान बघा. बायकोपुढे वर होत नाही!" काका न बघताच म्हणाले, "ती नको व्हायला. तशीच बरी आहे."

लहान बाळांचे फोटो मात्र पूर्वी काका एकटे काढत नसत. काकू असायच्या. काकू स्टुलावर बसायच्या, काका त्यांच्यावर पांढरी चादर टाकायचे, डोक्यापासून पायापर्यंत, आणि चादरीच्या वर त्यांच्या मांडीवर बाळ. चादरीआडून काकूंचे दोन हात बाळाची पाठ आणि मान धरून असत. फोटोत काय दिसायचं? पांढऱ्या ढगावर बसलेलं बाळ. आत घामाने चिंब झालेल्या काकू. काका रबराचं बदक चूं-चूं वाजवायचे, चादरीतून काकू म्हणायच्या, "लवकर आटपा, मी पण बाळच आहे कुणाचं तरी." कधी कधी फोटो झाल्यावर चादर बाजूला करून त्या एखाद्या आईला हळूच सांगायच्या, "हिची मान या बाजूला जरा अडते हं. डॉक्टरांना दाखवून घ्या." काकांना हे आठवतं, पण तेव्हा त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. बायकांचं आपापसातलं बोलणं, त्यांनी सोडून दिलं.

काकू जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर चादरीत कोण बसणार? काका बाळाला चादरीवर आडवं निजवायला लागले आणि स्वतः स्टुलावर चढून वरून फोटो काढायला लागले. डोकं तिरकं आलं तर कॉम्प्युटर आहेच. चार अंश इकडे, सहा अंश तिकडे, झालं सरळ. आईबाप खूश, काका खूश.

मी ठकीला घेऊन गेले तेव्हा ती साडेतीन महिन्यांची होती. ठकी हे आमचं घरातलं नाव. तिचे बाबा कामासाठी परदेशात आहेत आणि आम्ही दोघी मागाहून जाणार, म्हणून तिचा पासपोर्ट काढायचा होता. काकांनी बदक वाजवलं, स्टुलावरून तीसेक फोटो काढले, त्यातला एक निवडून कॉम्प्युटरवर फिरवला. "सात अंश! बाईसाहेबांचा तोरा आहे," म्हणाले. मी हसले. मला तर तिची ती तिरकी मान फार आवडायची. सारखी काहीतरी विचारतेय असं वाटायचं. मी तशा फोटोंचा एक सबंध गठ्ठा तिच्या बाबांना पाठवला होता, वर ‘प्रश्नचिन्ह’ असं लिहून. आज तो गठ्ठा उघडून बघवत नाही.

दहा दिवसांनी पासपोर्ट कचेरीतून फोटो परत आला. चेहरा समोरून नाही, दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. मी तणतणत दुकानात गेले. काकांनी पुन्हा बदक काढलं. ठकीने डोळे फिरवले, पण तोंड डावीकडेच. काका उजव्या बाजूला गेले, चुटक्या वाजवल्या, मांजर झाले, कावळा झाले. उजवा कान दर फोटोत दिसत होता, डावा एकातही नाही.

"हे मशिनीत होणार नाही," काका खाली उतरून म्हणाले. "तिरकं असेल तर फिरवता येतं. वळलेलं कसं फिरवणार?" आणि त्यांनी हात धुतले, पुसले, माझ्याकडे बघून विचारलं, "धरू का?" मी मान हलवली. ते चादरीशेजारी मांडी घालून बसले आणि दोन्ही तळव्यांत ठकीचं डोकं धरलं, जोर न लावता, काठोकाठ भरलेली वाटी धरावी तसं. डावीकडे डोकं तळव्यांबरोबर सहज गेलं. मग उजवीकडे. मध्यापर्यंत आलं आणि थांबलं. काकाही थांबले. मग म्हणाले, "ताई, ही खोडकर नाहीये. हिची मान जात नाहीये. आणि मागे हात लावून बघा, डावीकडे डोकं चपटं आहे."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! साडेतीन महिने मी तिला अंघोळ घालतेय, पाजतेय, रात्र रात्र जागतेय, आणि हा फोटोवाला मला सांगणार? मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुम्ही फोटो काढा. डॉक्टरकी नको. कुठल्याही आईला असं काहीबाही सांगत जाऊ नका." काका म्हणाले, "चुकलं माझं," आणि दिवे बंद केले.

घरी येऊन मी ठकीला पलंगावर निजवलं आणि डावीकडून खुळखुळा वाजवला. वळली. उजवीकडून वाजवला. डोळे गेले, नाक मधे येऊन थांबलं. मी डोक्यामागे हात घातला. डावीकडे तळवा सपाट बसला, उजवीकडे गोल. वरून पाहिलं तर डावा कान उजव्यापेक्षा किंचित पुढे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लहान मुलांची डोकी मऊच असतात, होतात गोल. तुझ्या नवऱ्याचं काय नारळासारखं होतं?" मी म्हटलं, "अजूनही आहे." त्या रागावल्या. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायला त्याच माझ्याआधी चप्पल घालून दारात उभ्या होत्या.

बालरोगतज्ज्ञांनी तपासून फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. या बाई माझ्याच वयाच्या, बोलायला तुटक, हात मात्र लोण्यासारखे. त्यांनी माझं बोट धरून ठकीच्या मानेवर ठेवलं. "कानामागून छातीच्या वरच्या हाडापर्यंत हा स्नायू येतो. डावीकडचा बघा. आता उजवीकडचा. फरक कळला?" कळला. उजवीकडे ताणलेली दोरी लागत होती. तो स्नायू आखूड, म्हणून डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं आणि तोंड डावीकडे. तोंड डावीकडे म्हणून झोपेत भार कायम डाव्या बाजूवर, म्हणून तिथे चपटेपणा. इतकं साधं.

"माझ्यामुळे झालं का?" मी विचारलं.

"पोटात जागा कमी पडली की होतं, बाहेर येताना होतं, कधी कळतच नाही कशाने. पोटात असताना तुम्ही तिला सरकून बस म्हणून सांगणार होता का?" मग माझा चेहरा बघून थोड्या मऊ झाल्या. "लवकर आलात हे महत्त्वाचं. बाळ जितकं लहान, तितकं पटकन ऐकतं. कुणाच्या लक्षात आलं?"

मी म्हणाले, "माझ्याच." देवाशपथ, असंच म्हणाले.

मग अकरा आठवडे. मान ताणायचे व्यायाम बाईंनी माझ्याकडून स्वतःसमोर दहा वेळा करून घेतले, तेव्हा कुठे घरी करायची परवानगी दिली. झोपवायचं पाठीवरच, पण पाळण्यात डोक्याची बाजू पायाकडे, म्हणजे दार आणि दारातून येणारी माणसं तिच्या उजवीकडे राहतील. जागी असेल तेव्हा पोटावर, आमच्या डोळ्यांसमोर. सासूबाईंनी तर सगळं घर उजवीकडे हलवलं. खुळखुळे उजवीकडे, खिडकीतलं रोपटं उजवीकडे, स्वतःची खुर्ची उजवीकडे. मी डावीकडून ठकीशी बोलले तर ओरडायच्या, "पलीकडून ये! बाई म्हणाल्यात ना!" पोटावर ठेवलं की ठकी पहिले पंधरा दिवस असा आकांत करायची की सासूबाई तिच्यासमोर जमिनीवर पालथ्या पडून तिला तोंड वेडावून दाखवायच्या. वय वर्षं एकाहत्तर. उठवायला मग मी.

रोज सकाळी मी मोबाइलवर वरून तिच्या डोक्याचा फोटो काढायचे आणि कालच्याशी लावून बघायचे. फरक काडीचा दिसत नसे. बाई म्हणाल्या, "रोज कुंडी उकरून बी उगवलं का बघू नका." पण नवव्या आठवड्यात उजव्या बाजूने माझ्या चहाच्या कपाची चमचमती कड दिसली आणि तिचं नाक मधल्या रेघेच्या पलीकडे गेलं. गेलं! थोडंसंच, पण गेलं. मी चहा सांडला. गेल्या आठवड्यात बाई म्हणाल्या, मान जवळजवळ मोकळी झालीय. चपटेपणा कमी झालाय, उरलेला हळूहळू भरत जाईल, व्यायाम सोडू नका.

म्हणून आज फोटो काढायला गेले. दारात तो कागद. मी वाचत उभी राहिले तेवढ्यात किल्लीवाला म्हणाला, "महिना झाला. तान्ह्या बाळाला बघितलं की काका आत जाऊन बसतात. तुम्ही जा बिनधास्त. तुमच्या बाळाची रोज चौकशी असते. मलाच विचारतात, मला काय ठाऊक!"

काका काउंटरमागे होते. मला पाहून उभे राहिले. मी काही बोलायच्या आधी ठकीला काउंटरवर बसवलं आणि म्हटलं, "काका, बदक काढा."

"मी आता लहान मुलांचे..."

"बदक काढा हो!"

बदक निघालं. आतल्या खोलीत मी स्वतः स्टुलावर बसले. "चादर टाका," मी म्हटलं. काका क्षणभर चादर हातात घेऊन उभे राहिले. मग टाकली. आत अंधार, साबणाचा वास. बाहेर माझ्या मांडीवर ठकी, चादरीआडून माझे हात. मी तिची मान धरली नव्हती, फक्त पाठ. बदक डावीकडे वाजलं. माझ्या हातांना तिचं वळणं कळलं. मग बदक सरकत सरकत समोर आलं, मग उजवीकडे, आणि पाठ माझ्या तळव्यांत जागच्या जागी राहून ठकीची मान वळायला लागली, वळतच गेली, खांद्यापर्यंत! बदक परत समोर आलं. ती परत समोर. खटक. खटक. खटक.

"दोन्ही कान!" काका ओरडले. "ताई, दोन्ही कान! अहो, दोन्ही कान दिसले!"

मी चादरीतूनच ओरडले, "खरंच?" किल्लीवाला हातातली किल्ली तशीच घेऊन आत धावला. "काय झालं? कुणाचे कान?" बँकेचा शिपाई जिन्यावरून वाकून बघायला लागला. ठकी एवढ्या आरडाओरड्याने रडायला हवी होती, तर ती खदाखदा हसत सुटली, आणि तो फोटो कुठलीच कचेरी घेणार नाही. पण त्याच्या आधीचा घेईल. काकांनी तो पडद्यावर मोठा केला आणि सवयीने कॉम्प्युटरमधली आडवी-उभी रेघ त्यावर टेकवली. "शून्य," म्हणाले. चष्मा काढून पुसायला लागले. पुसतच राहिले.

मग मी माफी मागितली. डॉक्टरकी नको म्हणाले होते त्याबद्दल, आणि तिकडे ‘माझ्याच लक्षात आलं’ म्हणाले होते त्याबद्दलही. काका हसले नाहीत. त्यांनी खणातून पाकीट काढलं.

तुम्ही गेल्यावर मला राहवेना, ते म्हणाले. दुकान बंद केल्यावर रोज ते एकेक जुना फोटो उघडून बघत होते. सरळ करायच्या आधीचे, मुळातले. बरीच बाळं नुसती पेंगुळलेली निघाली. पण तीन महिन्यांचं एक बाळ आमच्या आधी तीन आठवडे येऊन गेलं होतं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण पहिला फोटो हरवला. दोन्ही वेळा डोकं डाव्या खांद्याकडे. दोन्ही वेळा तोंड उजवीकडे. नुसता डावा कान. चाळीसेक फोटोंत एकदाच कसंबसं समोर बघितलं, तेवढं काकांनी उचललं, नऊ अंश फिरवलं आणि छान पाकिटात घालून दिलं.

"नऊ अंश," काका म्हणाले. "आमच्या हिने चादरीतून हाताने सांगितलं असतं. मी ते मशिनीत पुसून टाकलं, ताई. चार वेळा फोन हातात घेतला. काय सांगू? मी फोटोवाला बोलतोय, तुमच्या बाळाचं डोकं चपटं असेल? ती आई म्हणेल, तुम्ही फोटो काढा, डॉक्टरकी नको. आणि तिचं बरोबरच असेल." ते मला टोमणा मारत नव्हते. त्यांना ते खरंच पटलेलं होतं. मी पटवून दिलेलं. "तुम्ही आई आहात. तुमचं ती ऐकेल कदाचित."

आणि मी म्हटलं ‘बघते’.

का म्हटलं? कारण मला त्या आईची भीती वाटते. मला ती पुरती ठाऊक आहे. तीही त्या तिरक्या मानेचे फोटो सगळ्यांना पाठवत असेल. मी फोन केला की तिचा तो गठ्ठा बघवेनासा होणार. कदाचित तिच्या कुणाच्या तरी लक्षात आलंही असेल, डॉक्टरांकडे जाऊन आलीही असेल, आणि मी उगाच मीठ चोळणार. कदाचित काहीच नसेल आणि मी तिची झोप उडवणार. अशी सगळी कारणं मी घरी आल्यापासून गोळा केलीत, एकेक करून. पण दोन्ही फोटो समोर ठेवले की ती कारणं गप्प बसतात. बाळ आता सात महिन्यांचं झालं असेल. बाई म्हणाल्या होत्या, जितकं लहान तितकं पटकन ऐकतं. मी ‘बघते’ म्हणत आणखी एक आठवडा घालवला तर तो आठवडा माझा नाही, त्या बाळाचा जाणार.

काकांनी फोन केला तर फोटोवाला सांगतोय असं होईल. डॉक्टरांना तिचा पत्ताच नाही. उरले मी. मी चपटं वगैरे काही म्हणणार नाही. सांगेन, तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या मुलीचा फोटो त्याच दुकानात काढला होता, तिची मान एका बाजूला अडत होती आणि मला साडेतीन महिने कळलं नव्हतं. काकांनी ओळखलं, आणि मी त्यांच्या अंगावर धावून गेले होते. आज ती दोन्हीकडे बघते. तुमच्या बाळाला एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून खुळखुळा वाजवून बघाल का? एवढंच.

उद्या सकाळी साडेदहाला करते. त्या वेळी बाळाची अंघोळ आटोपून ते झोपलेलं असतं आणि आईच्या पोटात चहा गेलेला असतो, म्हणजे ती थोडी कमी चिडेल. मला शिव्या घातल्या तर ऐकून घेईन. फोन ठेवला तर अकराला पुन्हा करेन.